इंग्रजी शास्त्रीय संज्ञांची ओळख

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी दहावीपर्यंत मातृभाषेतून विज्ञान शिकतात. अकरावी विज्ञान शाखेत मात्र तोच विषय इंग्रजीतून समोर येतो. आशय परिचित असतो, पण नावे अनोळखी असतात. या धास्तीपोटी काही गुणी मुले विज्ञानाकडे पाठ फिरवतात.

शब्दांच्या लांबलचक याद्या घोकून हे भय जात नाही. इंग्रजीतील पुष्कळ शास्त्रीय संज्ञा ग्रीक व लॅटिन शब्दांपासून घडल्या आहेत आणि त्यांतील काही आपल्याला चर्चमुळे ठाऊक आहेत. २०२१ ते २०२४ या काळात आपण ‘सिनड’ हा शब्द वारंवार ऐकला. त्यात ‘सिन’ म्हणजे एकत्र आणि ‘होदोस’ म्हणजे वाट. तोच ‘सिन’ ‘फोटोसिंथेसिस’मध्ये आढळतो. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे एकत्र मांडणी. अर्थात शाळेत शिकलेले प्रकाशसंश्लेषण! ‘बिशप’ शब्दाच्या मुळाशी ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारा, हा ग्रीक शब्द आहे. त्यातील पाहण्याचा अर्थ ‘मायक्रोस्कोप’ व ‘टेलिस्कोप’मध्येही उतरला आहे.

विद्यार्थ्यांनी वहीत चार रकाने आखावेत: इंग्रजी संज्ञा, तिचे घटक, मराठी प्रतिशब्द व स्वतः रचलेले इंग्रजी वाक्य. रोज पाच संज्ञा पुरेत. रविवारी उजळणी करावी. शाळेची मराठी पाठ्यपुस्तके रद्दीत न घालता जवळ ठेवावीत.

दहावीनंतरच्या सुटीत धर्मग्रामांतील शिक्षकांनी व पदवीधर युवकांनी असे वर्ग घ्यावेत. मातृभाषेत मिळवलेले ज्ञान ही पुढच्या प्रवासाची शिदोरी आहे, असा विश्वास मुलांना त्यातून लाभेल.