जुन्या अमेरिकी व युरोपीय छऱ्याच्या बंदुका

छऱ्याची बंदूक म्हणजे गुळगुळीत नळीची, एका बारात अनेक बारीक छर्रे उडवणारी, खांद्याला लावून चालवायची बंदूक होय. महाराष्ट्रात ती ‘बारा बोअर’ किंवा ‘दुनळी’ या नावांनी परिचित आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते, ती नळी बारा बोअरची. तिचा अंतर्व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. साधारणतः १८७० ते १९४० या काळात अमेरिका व युरोपात बनलेल्या अशा बंदुकांना संग्राहकांमध्ये विशेष मान आहे. या दोन परंपरांची कारागिरी वेगवेगळ्या गरजांतून घडली. भारतातील त्यांची प्रतिष्ठा मात्र कारागिरीइतकीच राजसत्ता, व्यापार आणि कायदा यांनी ठरवली.

पार्श्वभूमी

परदेशी बंदुकीचे आकर्षण महाराष्ट्रात जुने आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. त्या वेळी निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीची कवायती पायदळे होती, तर शिंद्यांकडे पेराँच्या हाताखालील पलटणी होत्या. या पलटणींच्या बंदुका ठासणीच्या व गुळगुळीत नळीच्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नळी मागून उघडून काडतूस भरण्याची पद्धत रूढ झाली आणि आजच्या दुनळीचे रूप सिद्ध झाले.

युरोपीय परंपरा

लंडन येथील पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड आदी कारखानदार बंदूक गिऱ्हाइकाच्या मापाने बनवत. खांदा, हाताची लांबी व नेम धरण्याची ढब पाहून अक्रोडाचा दस्ता घडवला जाई. नळ्या, कळ, दस्ता व नक्षी यांसाठी स्वतंत्र कारागीर असत आणि सुटे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवले जात. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीत जसाच्या तसा बसेलच असे नसे. पर्डीने १८८० साली स्वीकारलेल्या बीस्ली यांच्या रचनेत बंदूक उघडताना कमानीचे साहाय्य मिळते.

बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्‌स कारखान्यातील ॲन्सन व डीली यांची १८७५ची रचना याहून अधिक दूरगामी ठरली. तीत घोडे बाहेर दिसत नाहीत. नळ्या खाली झुकवताच आतील घोडे आपोआप चढतात. भाग थोडे, मजबूत व बनवण्यास सोपे असल्याने ही रचना पुढे बहुतेक देशांनी स्वीकारली.

इंग्लंडबाहेर बेल्जियममधील लीएज, फ्रान्समधील सेंट एत्येन, जर्मनीतील झूल, स्पेनमधील एइबार व इटलीतील गार्दोने ही प्रमुख केंद्रे होती. लीएजमध्ये उत्तम बंदुकांबरोबर अगदी स्वस्त मालही बने. त्यावर कधीकधी प्रसिद्ध इंग्रज कारखानदारांच्या नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेली असत. केवळ ‘युरोपीय’ एवढ्यावरून दर्जा ठरत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

अमेरिकी परंपरा

अमेरिकेत शस्त्रनिर्मितीबरोबर यंत्राने अचूक, परस्पर बदलता येणारे भाग बनवण्याची पद्धत वाढली. कनेक्टिकटमधील मेरिडन येथील पार्कर ब्रदर्स, न्यूयॉर्क राज्यातील एल. सी. स्मिथ, लफीव्हर व इथाका आणि फिलाडेल्फियाची ए. एच. फॉक्स हे तेथील नामवंत दुनळीकार होत. तेथे साध्या व किमती बंदुकीतील मूळ यंत्रणा बहुधा एकच असे. लाकूड, नक्षी व सफाई यांनुसार श्रेणी व किंमत बदले. त्यामुळे मध्यम ऐपतीच्या शेतकऱ्यालाही भरवशाचे यंत्र मिळे.

या यंत्रकौशल्याचा एक धागा महाराष्ट्रातील कचेऱ्यांपर्यंत येतो. मराठी टंकलेखकांना परिचित असलेले ‘रेमिंग्टन’ हे नाव मुळात न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील बंदूक कारखान्याचे. तेथेच १८७३-७४ च्या सुमारास टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू झाले. एल. सी. स्मिथ यांनीही बंदुकांचा व्यवसाय विकून पुढे टंकलेखन यंत्रांत नाव कमावले.

अमेरिकेचे स्वतंत्र योगदान म्हणजे एका नळीतून लागोपाठ अनेक बार काढणारी बंदूक. विंचेस्टरची १८९७ व १९१२ ही प्रतिमाने पुढची मूठ मागे-पुढे सरकवून चालवली जात. १९१२च्या प्रतिमानाच्या सुमारे वीस लाख बंदुका तयार झाल्या.

फरकाची कारणे

इंग्लंडमध्ये हाकाऱ्यांनी उठवलेले पक्षी दिवसभरात शेकडो बार काढून टिपले जात. त्यासाठी हलकी, समतोल व चपळ बंदूक हवी होती. अशा बारा बोअरच्या बंदुकीचे वजन साधारण तीन किलोग्रॅम असे व काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे भरले जात. अमेरिकेत बदकांवर लांबून व जड काडतुसांनी बार काढण्याची प्रथा होती. म्हणून बंदूक अधिक जड व दणकट असे. एकीचा भारदस्तपणा आणि दुसरीचा नाजूकपणा यांना गुणदोष न मानता त्या त्या वापराशी जोडून पाहणे योग्य ठरते.

दोन्ही परंपरा परस्परांपासून पूर्णतः अलगही नव्हत्या. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेल्या ‘दमास्कस’ नळ्या अनेक अमेरिकी कारखाने बेल्जियममधून मागवत. उलट जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाची आपोआप भरणारी बंदूक बेल्जियममधील हेर्स्टाल येथे बनू लागली. त्याची पिस्तुलेही तेथेच बनत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या वधात अनंत कान्हेरे यांनी वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल हे महाराष्ट्राला परिचित उदाहरण होय.

भारतातील प्रतिष्ठा

ब्रिटिश अमलात संस्थानिक, लष्करी व मुलकी अधिकारी यांच्याकडे प्रामुख्याने इंग्लंडचा माल येई. कर्नल फॉस्बेरी यांच्या १८८५च्या एकस्वावर आधारलेली हॉलंडची ‘पॅराडॉक्स’ बंदूक भारतीय शिकारीत लोकप्रिय झाली. तिच्या नळीच्या फक्त शेवटच्या भागात आटे असल्याने छर्रे व गोळी दोन्ही चालत. मुंबईत आर्मी अँड नेव्ही, तर कलकत्त्यात मँटन यांसारखे विक्रेते आपल्या नावाच्या बंदुका विकत; त्या प्रत्यक्षात इंग्लंडमधील इतर कारागिरांकडून बनवून घेतलेल्या असत. म्हणजे नळीवरील नाव बनवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचेही असू शकते.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, खाजगी आयातीवर कडक निर्बंध आले. परिणामी देशात आधीच असलेल्या परदेशी बंदुकांचे मोल दुर्मिळतेमुळे वाढले. त्यांची भारतातील किंमत हे कारागिरीचे शुद्ध माप मानता येत नाही.

शिकार आणि संरक्षण

छऱ्याची बंदूक मुख्यतः पक्ष्यांवर चालवली गेली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जामखेड, कर्जत व श्रीगोंदे या तालुक्यांतील माळराने हा या इतिहासाचा भाग आहे. माळढोकाच्या ऱ्हासाच्या कारणांत अधिवासनाशाबरोबर शिकारीचाही समावेश होतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यास सर्वोच्च संरक्षण दिले. १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य, तर १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळवीट अभयारण्य घोषित झाले. १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही थांबली.

कायदा व सुरक्षितता

भारतात बंदूक बाळगणे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याने नियंत्रित आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात. वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते.

वारशाने आलेल्या बंदुकीबाबत कारखान्याच्या नावापेक्षा तिची अवस्था महत्त्वाची असते. इंग्लंड, बेल्जियम आदी देशांत नळ्या अधिकृत चाचणीगृहात जादा दाबाने तपासून त्यांवर शिक्का मारणे बंधनकारक होते. लंडनच्या बंदूककार मंडळाची सनद १६३७ची, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३चे आहे. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नव्हती. कारखाने स्वतःच चाचणी घेत. तथापि जुना शिक्का नळीची त्या वेळची स्थिती सांगतो, आजची नव्हे. नंतरचा गंज, घासणी किंवा दुरुस्ती यांमुळे नळीची जाडी कमी झालेली असू शकते.

अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोबण ६५ मिलिमीटर लांबीची असते. आजचे प्रचलित ७० मिलिमीटरचे काडतूस दुमडलेल्या अवस्थेत तीत सहज बसते. पण बार होताना त्याचे तोंड पुरते उलगडण्यास जागा उरत नाही व दाब वाढतो. काडतूस आत बसले म्हणजे ते योग्य आहे, असा अर्थ होत नाही. दमास्कस नळ्यांत जोडांमधील दोष वरून दिसतीलच असे नाही. त्यामुळे अशी कोणतीही बंदूक, मग ती पर्डीची असो वा पार्करची, परवानाधारक तज्ज्ञाकडून मोजून व तपासून घेतल्याशिवाय चालवणे धोक्याचे ठरते.