सहस्रकुंडाचे पाणी

सहस्रकुंड पाहून आलेला माणूस धबधब्याचा आवाज सांगतो. ते पाणी कोणाचे, हे सांगत नाही. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि इस्लापूरजवळ काळ्या पाषाणावरून अनेक धारांनी कोसळते. परशुरामाच्या बाणाने या धारा झाल्या, अशी कथा आहे. कथेला आम्ही हसत नाही. पण घळ खोदणारा खरा बाण पाण्याचाच. ते बेसाल्टच्या भेगांत शिरते, खालचा आधार झिजविते, मग वरचा कडा तुटतो. असा धबधबा हळूहळू उगमाकडे सरकत जातो.

१८५३ नंतर पलीकडच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार होता, अलीकडे १९४८ पर्यंत निजामाचा. महादेवाला मात्र दोन्ही काठांची माणसे येत.

आता नदी वर इसापूरला अडली आहे. तिचेच पाणी कालव्याने आपल्या डोंगरकड्याच्या शिवारात येते. केळी त्यावर, हळद त्यावर, आणि हळद काढणाऱ्या बायांची मजुरीही त्यावरच. ते पाणी आम्ही सोडा म्हणणार नाही. पण उन्हाळ्यात सहस्रकुंडाचे दगड उघडे पडतात, तेव्हा नदीकाठच्या गावांचे पिण्याचे पाणीही आटलेले असते, आणि धरणातून थोडे पाणी नदीत सोडा म्हणून त्यांना अर्ज, मोर्चे करावे लागतात. पाळीपत्रक ठरविताना त्या गावांची माणसे बैठकीत बसली पाहिजेत, एवढी आमची मागणी आहे.