देणे-घेणे : चेक वटवण्याआधी

मुदतीचा कायदा पुढच्या आठवड्यात. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ वरचा मागचा लेख वाचून एका वाचकांनी कळवलेली अडचण आधी घ्यायला हवी, कारण त्यांचा चेक अजून कपाटात पडून आहे.

ते फरशीकामाचे ठेके घेतात. बिल साडेचार लाखांचं. घरमालकांनी कामात खोट काढली आणि तीन लाखांचा चेक पाठवला. सोबत पत्र : ही रक्कम पूर्ण आणि अंतिम, मान्य नसेल तर चेक परत करा. त्यांना विचारायचंय, तीन लाख खात्यात भरून उरलेल्या दीड लाखासाठी भांडता येईल का?

हुबेहूब असाच वाद रेल्वेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भगवती प्रसाद पवन कुमार या व्यापाऱ्यांच्या मालाच्या भरपाईपोटी रेल्वेने मागणीपेक्षा कमी रकमेचे चेक पाठवले आणि अटही हीच घातली. व्यापाऱ्यांनी चेक वटवले, हरकत मागाहून कळवली. २००६ साली न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. हरकत वटवण्याआधी पोचायला हवी. निमूटपणे वटवलात की देकार स्वीकारलात, मग मन बदलता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, आणि मला तो फरक फार मोलाचा वाटतो. तिथे १६०२ च्या पिनेल खटल्यापासून नियम असा की ठरलेल्या, निर्विवाद कर्जाची कमी रक्कम घेऊन पूर्ण फेड होत नाही; पैशांऐवजी घोडा, ससाणा किंवा झगा दिला तर मात्र होते! पुढे डॉ. फोक्स यांनी श्रीमती बीअर यांचं मुद्दल हप्त्यांनी पुरतं फेडलं. व्याज मागणार नाही असं बाईंनी लिहून दिलं होतं, तरी १८८४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने व्याज वसूल करू दिलं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने ही अडचण बारा वर्षं आधीच काढून टाकली होती. पाच हजारांच्या येण्यापोटी दोन हजार राजीखुशीने पूर्ण फेड म्हणून घेतले की कर्ज संपलं, असं उदाहरणच कलम ६३ खाली दिलंय. देण्याचा आकडाच ठरलेला नसेल तेव्हाचं उदाहरणही तिथेच आहे, आणि आपल्या ठेकेदारांना तेच जवळचं.

या कलमाचा कस लागला तो हैदराबादचे राजपुत्र आझम जाह यांच्या प्रकरणात. एका जवाहिऱ्याचं त्यांच्याकडचं येणं सत्तावीस लाखांवर गेलेलं. वीस लाख घेऊन त्याने पूर्ण फेडीची नोंद केली आणि मग बाकीसाठी दावा लावला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला.

हे कलम धनकोला कठोर आहे, पण अन्यायकारक नाही, कारण सगळी मदार त्याच्या स्वेच्छेवर आहे. धाकदपटशाने सही घेतली असेल तर पावती उलटवता येते. बोघारा पॉलिफॅब खटल्यात न्यायालयाने ही वाट मोकळी ठेवली आहे. मात्र नुसती पैशांची चणचण म्हणजे धाक नव्हे.

म्हणून ठेकेदारसाहेब, आजच लेखी कळवा : अट मान्य नाही, हे तीन लाख बिलापोटी अंशतः धरून जमा करू का? पोच जपून ठेवा आणि उत्तर येईपर्यंत चेक भरू नका. नकार आला तर परत पाठवा. चेकवरची तारीखही बघा. तीन महिने उलटले की बँक तो घेणार नाही.