बूमरँगचा संग्रह

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेटीवरची चित्रे जमवणारे पुष्कळ असतात. पण जगात बूमरँग जमवणारेही लोक आहेत! त्यांची माहिती आज मी तुम्हांला सांगणार आहे.

बूमरँग म्हणजे फेकायची वाकडी काठी. ती ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची. हा शब्द सिडनीजवळच्या धरुग लोकांच्या भाषेतला आहे. सगळ्यांना वाटते, बूमरँग फेकले की परत येते. पण शिकारीचे बूमरँग जड असते, ते परत-बिरत येत नाही. कांगारूच्या पायाला लागल्यावर परत येऊन करणार तरी काय? परत येणारे बूमरँग हलके असते. त्याची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असते. ते उभे धरून गरगर फिरेल असे फेकतात.

ही वस्तू फार जुनी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात वायरी स्वॅम्प नावाच्या दलदलीत १९७३ मध्ये लाकडी बूमरँग सापडले. ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. ओल्या चिखलात दबून राहिले म्हणून कुजले नाहीत.

जाणकार माणूस बूमरँग हातात घेतो तेव्हा आधी लाकडाच्या रेषा बघतो. तिकडे मुलगा नावाचे झाड असते. (हसू नका, झाडाचेच नाव आहे. ते आपल्या बाभळीचे भावबंद.) खोड आणि मूळ जिथे वाकते तिथलाच बाक धरून कारागीर बूमरँग तासतो, म्हणून लाकडाच्या रेषाही बाकाबरोबर वळतात. माझे वडील सुतार आहेत. नांगराला ते असेच वाकडे बाभळीचे लाकूड शोधतात. ते म्हणतात, सरळ फळीतून बाक कापला तर तो तिथंच मोडतो. बाजारात विकायला यंत्रावर कापलेली बूमरँगे यावरून ओळखू येतात.

मग नक्षी बघतात. दगडी हत्याराने पाडलेले बारीक चर, नागमोडी रेघा, आणि गेरू, पिवळी माती, पांढरी माती यांचे रंग. गेरू म्हणजे आपण तुळशीवृंदावनाला लावतो तोच! पुष्कळ ठिकाणी ही नक्षी नुसती शोभेची नसते. ती आपल्या कुळाची आणि जागेची खूण असते. दुसऱ्याने ती काढायची नसते.

पुढे सिडनीजवळच्या ला परूज गावचे लोक तापलेल्या तारेने डागून बूमरँगवर चित्रे काढू लागले, कांगारू, एमू पक्षी आणि १९३२ साली खुला झालेला सिडनीचा मोठा पूलसुद्धा. आल्बर्ट नामतजिरा हे मोठे चित्रकार (१९०२–१९५९) प्रसिद्ध होण्याआधी असेच डागकाम करीत.

आपल्या देशातही अशी काठी होती. तमिळ भागात तिला वळरी म्हणतात. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तिथल्या शस्त्रागारातल्या तीन काठ्या मद्रासच्या संग्रहालयात आल्या. त्यांतली एक लाकडी आणि दोन चक्क हस्तिदंती!

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. जुन्या बूमरँगला चिठ्ठी बांधलेली असते. कुठून आणले, कोणी आणले, हे तीवर असते. पण केले कोणी, ते नाव बहुतेक वेळा नसतेच. आमच्या गावात नांगर बघून कोणीही सांगतो, हा अमक्याच्या हातचा.

आणलेल्या सगळ्या वस्तू विकतच घेतल्या होत्या असेही नाही. १७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी बॉटनी बे येथून तिथल्या लोकांचे पुष्कळ भाले उचलून नेले. त्यांतले चार इंग्लंडात केंब्रिजला होते. ते ला परूजच्या लोकांना २०२४ मध्ये परत मिळाले. हिशोब केला, २५४ वर्षे लागली!

– इयत्ता चौथी