कच्च्या मडक्याला आलेलं बोलावणं

तेरढोकीला गोरोबाकाकांच्या अंगणात संतमंडळी बसली होती. मुक्ताबाईचं लक्ष थापटण्याकडे गेलं. हे कशाला, असं तिने विचारलं. मडकं कच्चं की भाजलेलं ते याने कळतं, असं उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, मग आमचीही पारख होऊन जाऊ दे. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

विठ्ठल ज्याच्या हातचा नैवेद्य जेवतो असं लोक सांगत, त्याच्यावर हा शिक्का बसला. नामदेव रुसून पंढरपूरला गेले. पण देवानेही त्यांची बाजू घेतली नाही, विसोबा खेचरांकडे पाठवलं. ही झाली परंपरेतली कथा. इतिहासाला दिसतात ते त्यानंतरचे नामदेव: उत्तरेत पंजाबातल्या घुमानपर्यंत गेलेले आणि गुरू ग्रंथसाहिबात 61 पदांनी कायमचे जाऊन बसलेले.

सुमारे तीनशे वर्षांनी हेच नामदेव देहूच्या एका दिवाळखोर वाण्याच्या स्वप्नात आले. सोबत पांडुरंग होता.

हा वाणी म्हणजे तुकोबा. त्यांची तेव्हाची अवस्था त्यांच्याच अभंगांतून कळते. 1630च्या सुमाराच्या दुष्काळाने दुकान बसवलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. कर्जखतांची वाटणी करून धाकट्या भावाचा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, असं चरित्रकार महिपती सांगतात. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं. संतांची काही वचनं तेवढी पाठ केली होती, असं तुकोबा स्वतःच लिहितात. जात शूद्र, धंदा वाण्याचा. अशा माणसाला नामदेवांनी जागं केलं आणि काम सांगितलं: कविता कर. माझ्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले पुरे कर.

या स्वप्नाच्या अभंगात दोन शब्द फार बोलके आहेत. ‘माप’ टाकायचं काम आलं आणि विठ्ठलाने ‘थापटून’ सावध केलं, असं तुकोबा म्हणतात. माप हे वाण्याच्या रोजच्या हाताळणीतलं. देव बोलावतो तो दुकानाच्याच भाषेत. आणि थापटणं? ज्या क्रियेने नामदेव कच्चे ठरले, तीच इथे तुकोबांना उठवायला आली आहे. हा योगायोगही असेल, पण वाचणाऱ्याला तो सोडवत नाही.

बोलावणं आलं म्हणून अधिकार मिळाला, असं मात्र झालं नाही. ‘अधिकार’ हा त्या काळचा वजनदार शब्द. शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ निघतो, ही वाघोलीच्या रामेश्वर भटांची तक्रार होती. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर तेरा दिवस धरणं धरून बसले. वह्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा; अभंग लोकांच्या तोंडी राहिले, यात वाद नाही. त्याच नदीत सोडलेली खतं मात्र कुणी पुन्हा मागितली नाहीत!

या सगळ्यात तुकोबांनी आपण लायक असल्याचा दावा केला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. साळुंकी बोलते, पण शिकवणारा वेगळाच असतो, असं ते सांगत राहिले. ही नम्रता खरीच होती, पण तिच्यात एक बिनतोड युक्तिवादही होता. बोलणारा मी नव्हेच म्हटल्यावर अधिकार कुणाचा तपासणार? पुढे रामेश्वर भट त्यांचे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आजही म्हटली जाते, तिच्या शेवटी नाव रामेश्वरांचंच आहे.

स्वप्नाची ही साखळी इथे तुटली नाही. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग एका मुलीच्या कानांवर पडत होते. बहिणाबाई तिचं नाव. ‘अरे संसार संसार’वाल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. जन्म 1628चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लग्न अगदी बालपणी, नवरा बराच मोठा, बिजवर आणि वैदिक ब्राह्मण. लाडकं वासरू मेल्यावर ती बेशुद्ध पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांनी उपदेश केला. वय होतं बारा-एक वर्षांचं. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करायचं? नवऱ्याने मारलं, घर सोडून जायची तयारी केली. मग आजारी पडला, वरमला आणि तिला घेऊन देहूला गेला.

बहिणाबाईंनी नवरा सोडला नाही, भक्तीही सोडली नाही. या ओढाताणीचा हिशेब त्यांनी स्वतःच्या अभंगांत मांडला. मराठीतल्या बाईने लिहिलेल्या आत्मचरित्राचा तो आरंभच म्हणावा लागेल. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, हे दुःख त्यांनी लपवलं नाही. ‘वज्रसूची’ या जन्मजात ब्राह्मण्याची चिरफाड करणाऱ्या संस्कृत ग्रंथाला मात्र त्यांनी मराठी अभंगांत आणलं. 1700 साली त्या गेल्या. समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे.

वारकरी पंथाच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनी घातला आणि कळस तुकोबा झाले, हे गावोगावच्या कीर्तनांत आजही ऐकू येतं. तो अभंग याच बहिणाबाईंचा.