मे महिन्यातला व्हॅनिला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळची ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल, लेडीज डबा, आणि माझ्या मनगटांवर, मानेवर, शिवाय ओढणीवरही भेट मिळालेल्या एका महागड्या परफ्यूमचे सहा-सात फवारे. डिसेंबरात पुण्यातल्या एका लग्नात हेच परफ्यूम लावलं होतं, तेव्हा तिघीजणींनी जवळ येऊन नाव विचारलं होतं. इथे मुलुंड यायच्या आत शेजारच्या काकूंनी पदर नाकाला लावला. भांडुपला समोरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "कुणीतरी केक घेऊन चाललंय वाटतं." घाटकोपरला माझं मलाच मळमळायला लागलं. बाटली तीच, अंगही तेच. चढला होता तो फक्त पारा.

परफ्यूमच्या जाहिरातींत ऋतू आणि मूड जोडीनं येतात, जणू दोन्ही एकाच माळेचे मणी. मला ते पटत नाही. ऋतूचा भाग बराचसा भौतिकशास्त्राचा आहे; कागद-पेन्सिल घेऊन तो सोडवता येतो. मूडचा भाग मात्र तुमच्या घराच्या परसात, शाळेच्या वर्गात, कुणाच्या तरी आजारपणाच्या खोलीत कधीच ठरून गेलेला असतो. तिथे शनेल आणि डिओर यांचं फारसं काही चालत नाही.

आधी भौतिकशास्त्र. वास यायचा तर पदार्थाचे रेणू उडून नाकापर्यंत पोचायला हवेत. परफ्यूम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेली डझनावारी सुगंधी द्रव्यं, आणि ती सगळी एका चालीनं उडत नाहीत. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन फवारा मारताच धावत सुटतं. धण्यात आणि लव्हेंडरमध्ये भरपूर असणारं लिनालूल त्याच्या मागून निघतं. व्हॅनिलिन आणि कस्तुरीच्या वासाची कृत्रिम रसायनं सर्वांत शेवटी, पाहुणे गेल्यावरही ओसरीवर रेंगाळणाऱ्या नातेवाइकांसारखी. यात नुसतं वजनच मोजून भागत नाही. व्हॅनिलिनचा रेणू लिनालूलच्या रेणूपेक्षा किंचित हलकाच आहे. पण व्हॅनिलिनचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून उडायला आढेवेढे घेतात. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञानं तीनशेहून अधिक पदार्थ कागदी पट्ट्यांवर टाकून, त्यांचा वास किती टिकतो यावरून त्यांना १ ते १०० असे क्रमांक दिले होते. लिंबाच्या जातीची तेलं खालच्या टोकाला राहिली. चंदन, वाळा आणि पाच (पॅचुली) यांना १०० मिळाले.

आता यात उष्णता घाला. ढोबळ गणित असं, की तापमान १० अंशांनी चढलं की लिमोनीनसारख्या चपळ द्रव्याचा बाष्पदाब साधारण दुप्पट होतो. जड द्रव्यांचा मात्र अडीच ते तीन पट. उकाडा सर्वांनाच हुसकावतो, पण आळशांना जास्त. डिसेंबरात जे व्हॅनिलिन शालीच्या आडून रात्रभर थोडं थोडं येत होतं, ते मे महिन्यात अर्ध्या तासात दारावर थापा मारायला लागतं. त्वचेचं तापमान शरीर बऱ्यापैकी सांभाळतं हे खरं, पण उघडं मनगट थंडीत सहज काही अंशांनी उतरतं. आणि ओढणीला तर असलं काही सांभाळणं माहीतच नाही. हवा जितकी तापलेली, तितकी ती.

मी घरी करून पाहिलं. त्याच परफ्यूमचा एकेक थेंब दोन कागदी पट्ट्यांवर टाकला. एक पट्टी झाकणाच्या डबीत घालून फ्रीजच्या दारात ठेवली, दुसरी ओट्याजवळच्या खिडकीत. दोन तासांनी खिडकीतल्या पट्टीवर लिंबूवर्गाचा मागमूस नव्हता, नुसता कस्टर्ड पावडरचा घमघमाट. फ्रीजमधली आधी अगदी मुकी वाटली. तळहातांत धरून ऊब दिली तशी ती बोलायला लागली, आणि पहिला आला तो बर्गमॉटचा आंबट-कडवट वास, अजून जिवंत. लोकलमध्ये काकूंना जे सोसावं लागलं ते त्या खिडकीतल्या पट्टीनं सांगितलं.

तेव्हा गोड, राळेचे, लाकडी वास थंडीसाठी राखावेत, यात फॅशनचा हुकूम कमी आणि बाष्पदाब जास्त आहे. थंडीतलं माझं आवडतं उदाहरण गर्लँचं 'शालिमार'. १९२५ सालचं, मुघलांच्या शालिमार बागेवरून नाव घेतलेलं. वर बर्गमॉटचा भरघोस हात आणि खाली एथिल व्हॅनिलिन, म्हणजे साध्या व्हॅनिलिनच्या काही पट जोरकस असं कृत्रिम भावंड. नाशिकच्या जानेवारीत ते लोकरीला चिकटून बसतं, मंद दरवळतं. दुसरं उदाहरण १९९२ मधलं, तिएरी म्युग्लरचं 'एंजल'. ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल अशा सढळ हातानं ओतलं की खाण्याच्या गोड वासांच्या परफ्यूमची लाटच आली. एथिल माल्टॉलचा वास कसा, ते मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येतं: जत्रेतले बुढ्ढी के बाल. त्या गोडव्याला आवर घालायला त्याखाली पाचेचं तेल आहे. ही पाच म्हणजे गजऱ्यात मोगऱ्याबरोबर गुंफतात त्या हिरव्या पानांच्याच कुळातली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या शालींच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून तिची सुकी पानं घालत. पुढे तिकडच्या बायका शाल अस्सल आहे की नाही ते त्या वासावरून ओळखू लागल्या. म्हणजे पॅरिसला पाचेची गोडी लावली ती कसरीनं.

पावसाळ्याचं फार सांगत नाही, कारण आपल्या पावसाळ्यात परफ्यूमपेक्षा न वाळलेल्या कपड्यांचाच वास जिंकतो. तरी दोन नावं घेते. इस्से मियाकेंच्या 'लो दिस्से' (१९९२) या परफ्यूममागची कल्पनाच पाण्याचा वास ही होती. पाण्याला वास नसतो, म्हणून तिथे कॅलोन कामाला आलं. फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६० च्या दशकात सापडलेलं, समुद्राची हवा आणि कापलेलं खरबूज यांच्या मधोमध कुठेतरी बसणारं हे रसायन. दुसरं, एर्मेसचं 'अँ जार्दाँ आप्रे ला मूसाँ', पावसानंतरची बाग. जाँ-क्लोद एलेना यांनी केरळातल्या पावसावरून २००८ मध्ये ते रचलं. आलं, वेलची, मिरी, वाळा यांचा पाणीदार काढा म्हणा हवं तर. ते फक्त बायकांचं म्हणून विकलं जात नाही, आणि तेच योग्य आहे. रेणूला स्त्री-पुरुष कळत नाही, दुकानातल्या फळीला कळतं.

राहिला उन्हाळा. हलकी कोलोन, ओ द त्वालेत, नारिंग, लिंबू, मोसंबी. टिकणार नाहीत, पण चटकन येऊन चटकन जाणं हाच त्यांचा गुण. पर्समध्ये छोटी कुपी ठेवून दुपारी पुन्हा एक फवारा मारावा, एवढंच. बाटली मात्र उन्हातल्या ड्रेसिंग टेबलावर ठेवू नये. लिमोनीनचा हवेशी संयोग होऊन जे तयार होतं त्यानं वास तर बिघडतोच, काहींच्या कातडीलाही खाज सुटते.

इथे एखादी चोखंदळ वाचक मला अडवेल. उन्हाळ्यात हलकं लावायचं, तर मग वाळा कसा? पाउचरच्या यादीत तो १०० वर आहे. आणि कन्नौजचे अत्तरवाले तर पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात खस आणि थंडीत हिना देत आले आहेत. प्रश्न बिनतोड आहे. वाळ्यात मेन्थॉल नाही. मेन्थॉल त्वचेतल्या थंडीच्या ग्राहकांनाच फसवतं, म्हणून पुदिना खरोखर गार लागतो. (त्या ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) वाळा तसलं काही करत नाही. पण माठात वाळ्याची जुडी असते आणि माठातलं पाणी गार असतं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडतात आणि झुळूक गार येते. गारवा देतं ते बाष्पीभवन, श्रेय घेतो वाळा. आपल्या मेंदूनं लहानपणीच ही सांगड घालून टाकली आहे, आणि भौतिकशास्त्र तिच्यापुढे हरतं.

मूडचा प्रांत सुरू होतो तो इथून.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये घ्राणग्राहकांची जनुकं शोधली. त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात, आणि प्रत्येकाचा संच थोडा वेगळा असतो. व्हायोलेटच्या फुलातलं बीटा-आयोनोन काहींना फुलासारखं गोड येतं, काहींना आंबूस, तर काहींना जवळपास येतच नाही. हा फरक बराचसा एका जनुकाचा आहे. त्यामुळे मैत्रिणीला आवडलेलं परफ्यूम तुम्हाला विचित्र वाटलं तर तुमची अभिरुची बिघडलेली नाही. पुढची वाटही निराळी आहे. डोळ्यांची आणि कानांची खबर थॅलॅमस नावाच्या टपालकचेरीतून पुढे जाते. वासाची मात्र थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरते, नाव कळायच्या आधीच. 'हा कसला बरं वास?' असं म्हणताना डोळे आधीच भरून आलेले असतात, ते यामुळे.

म्हणून 'हे परफ्यूम लावा, आत्मविश्वास वाढेल' असल्या वाक्यांवर माझा विश्वास नाही. विंटरग्रीनचं, म्हणजे मिथिल सॅलिसिलेटचं उदाहरण वासाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. गेल्या शतकात ब्रिटिशांना तो वास नकोसा वाटे, कारण तो दुखण्यावरच्या मलमाचा. अमेरिकनांना तोच आवडे, कारण तिकडे तो गोळ्या-चॉकलेटांचा. आपल्याकडे गुडघे चोळणाऱ्या प्रत्येक घरात तो बामाच्या बाटलीत आहे.

आणि तो निशिगंधातही आहे. फुलबाजारात गुलछडी म्हणतात तोच. फ्रेंचांच्या लेखी हे फूल मादक. जर्मेन सेलिए या त्या काळच्या मोजक्या स्त्री सुगंधकारांपैकी एक. त्यांनी १९४८ मध्ये रोबेर पिगे यांच्यासाठी 'फ्राका' रचलं, ते निशिगंधाचं आजही सर्वांत थाटामाटाचं परफ्यूम मानतात. गुचीच्या 'ब्लूम'मध्येही (२०१७) निशिगंध आहे, जाईच्या कुळातलं फूल आहे आणि चक्क मधुमालती आहे. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, मग लाल होत जाणारी, आपल्या फाटकावरची. तिकडची बाई 'फ्राका' लावून रात्रीच्या मेजवानीला निघते. आपल्याकडे निशिगंधाचे हार वधू-वरांच्याही गळ्यात असतात आणि फोटोच्या चौकटीवरही. मेजवानीला जायचं, तर यातला कुठला हार तुमच्या नाकात आहे, ते आधी तपासलेलं बरं.

तपासायचं ते मॉलमधल्या काउंटरवर नाही. तिथे पाच मिनिटांत नाक बधिर होतं, आणि समोर ठेवलेल्या कॉफीच्या बिया हुंगून ते ताजंतवानं होत नाही. २०११ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात साध्या हवेनं कॉफीइतकंच काम केलं होतं. आपल्याच बाहीचा, कोपराजवळचा वास घ्यावा, फुकट आहे. शिवाय काउंटरवर तुम्ही हुंगता तो परफ्यूमचा फक्त पहिला अंक. एर्नेस्त बो यांनी १९२१ मध्ये रचलेल्या 'शनेल नंबर ५'ची ख्याती अल्डिहाइडांमुळे झाली, आणि ती सुरुवातीलाच वर येतात. नुकतीच विझवलेली मेणबत्ती आणि इस्त्रीचे कपडे, असा काहीसा तो भपकारा असतो. ज्या बायका दोन मिनिटांत "हे तर साबण!" म्हणून पट्टी टाकतात, त्यांच्यापर्यंत त्याखालचे गुलाब आणि जाई कधी पोचतच नाहीत. पट्टीवर नाव लिहून घरी आणावी. आवडली तर दुसऱ्या दिवशी जाऊन तोच फवारा मनगटावर घ्यावा, आणि मुख्य म्हणजे ज्या ऋतूत वापरायचं त्याच ऋतूत घ्यावा.

मी 'फ्राका'ची एक पट्टी अशीच आणली होती. मला पहिल्या क्षणी आला तो आजोबांच्या खोलीचा वास. शेवटच्या दोन वर्षांतला बाम, आणि त्यानंतर त्यांच्या फोटोला घातलेला पांढरा हार. पट्टी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि विसरून गेले. तीन दिवसांनी सुट्टे पैसे काढायला आईनं पर्स उघडली, क्षणभर थांबली, आणि हसून म्हणाली, "कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस गं? सांगितलं नाहीस ते."