बावीस हाडांची कवटी

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला कवटी हातात आली की बहुतेक मुले ती समोर ठेवतात, डोळ्यांच्या खोबण्यांकडे पाहतात आणि हाडांची नावे घोकायला लागतात. कवटी म्हणजे एकच मोठे हाड, त्याला जागोजागी नावे दिलेली, असा समज मनात पक्का असतो. प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण 22 हाडे असतात: मेंदूभोवती 8 आणि चेहऱ्याची 14. काही पुस्तकांत 28 किंवा 29 हा आकडा दिसतो, तोही चूक नाही. दोन्ही कानांतली मिळून सहा बारीक हाडे धरली की 28 होतात, गळ्यातले हायॉइड धरले की 29.

हाडांमधल्या नागमोडी रेषा पाहून कवटी तडकली आहे असे अनेकांना वाटते. त्या रेषा म्हणजे सांधेच. करवतीचे दात एकमेकांत बसावेत तशा दोन हाडांच्या कडा तिथे गुंतलेल्या असतात. या 22 हाडांत मोकळेपणी हलते ते फक्त खालच्या जबड्याचे हाड.

हे सांधे कशासाठी, ते तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून कळते. जन्माच्या वेळी हाडे जुळलेली नसतात. वाटेतून बाहेर येताना ती थोडी एकमेकांवर सरकतात, म्हणून डोके सुटते. पुढे वेगाने वाढणाऱ्या मेंदूलाही त्यामुळे जागा मिळते. जिथे हाड अजून पोचलेले नसते ती टाळू. आपल्याकडे तेल घालून टाळू ‘भरतात’, पण तेल त्वचेच्या आत हाडापर्यंत जात नाही. टाळू बुजते ती कडेची हाडे वाढल्यामुळे: मागची दोन-तीन महिन्यांत, पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत, काही निरोगी बाळांत थोडी उशिराही. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, नुसत्या स्पर्शाने मेंदूला इजाही होत नाही. त्वचेखाली चिवट आवरण असते. टाळू उडताना दिसते ती हृदयाच्या ठोक्याबरोबर, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाई करायची ती दोन वेळांना. जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झालेले असू शकते. बाळ शांत असताना, उभे धरल्यावरही टाळू फुगलेली आणि ताठ वाटली, सोबत ताप असला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. डोके गोल व्हावे म्हणून ते दाबणे मात्र थांबायलाच हवे, आणि तान्ह्याच्या डोक्याखाली मोहरीची उशीही नको. झोपेत ती धोक्याची ठरू शकते. जन्मताना लांबट झालेले डोके बहुतेक वेळा आपोआप आकाराला येते.

जबड्याविषयीचा एक गैरसमज तर तेराशे वर्षे टिकला. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याने खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला, कारण त्याचे विच्छेदन मुख्यतः प्राण्यांवरचे होते. 1543 साली बाझेलला छापलेल्या ग्रंथात वेसेलियस या शरीरशास्त्रज्ञाने मोठ्या माणसाचा जबडा एकसंध असल्याचे दाखवले. तान्ह्या बाळात तो खरोखर दोन भागांचा असतो. ते पहिल्या वर्षात जुळतात.

कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगता येतो हा दावा 1800च्या सुमारास व्हिएन्नातल्या गाल नावाच्या डॉक्टरने मांडला. तो साफ खोटा आहे. कवटीचा बाहेरचा पृष्ठभाग मेंदूच्या घड्यांचा ठसा घेत नाही. कानामागे हाताला लागणारा उंचवटा मान वळवणाऱ्या स्नायूच्या ओढीने वाढतो. नवजात बाळाला तो जवळजवळ नसतोच. सांधे किती बुजले यावरून नेमके वय सांगणेही धाडसाचे, कारण माणसामाणसांत फार फरक असतो. स्त्री की पुरुष हे ठरवायलाही कवटीपेक्षा कमरेचे हाड अधिक भरवशाचे.

सगळ्यांत घातक समज निराळाच: टेंगूळ आले म्हणजे मार बाहेर निघाला, आत काही नाही. टेंगळाचा आतल्या जखमेशी असा काही हिशेब नसतो. कानशिलाजवळ फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही चार हाडे भेटतात आणि तिथेच हाड पातळ असते. त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथल्या फटक्याने ती फुटली तर हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. माणूस आधी नीट बोलतो, चालतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. डोक्याला मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी दिसली तर टेंगूळ असो-नसो, रुग्णालयात न्यावेच लागते.

हे सगळे नुसती नावे घोकून कळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी कवटी आधी उलटी धरावी. तळाला लहानमोठी छिद्रे दिसतात आणि ती पाठ करण्याचा कंटाळा येतो. पण प्रत्येक छिद्रातून काय जाते ते बोटाने शोधत गेले की नावे आपसूक लक्षात राहतात. मधल्या मोठ्या छिद्रातून मेंदूचा देठ मज्जारज्जूला मिळतो. स्फिनॉइडमध्ये एक लांबट गोल छिद्र आहे, जबड्याच्या मज्जातंतूचे. त्याच्या शेजारी, जेमतेम टाचणी जाईल एवढे, फोरामेन स्पायनोसम. कानशिलाच्या आतली ती धमनी कवटीत शिरते ती इथूनच.